दोन बॅरलांच्या मधली जागा

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत किंवा होनग्याच्या वसाहतीत प्लेटिंगच्या एखाद्या शेडमध्ये शिरलात तर भिंतीवर परवान्याची चौकट दिसते. नीट चालवलेली शेड असेल तर तिच्याखाली प्रत्येक रसायनाचा माहितीकागद असतो आणि बॅरलांवर कवटीचे किंवा अ‍ॅसिडने खाल्लेल्या हाताचे चित्र. कागदावर लिहिलेले सगळे खरे असते. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड कातडी जाळते, सायनाइड पोटात गेले तर माणूस वाचत नाही, कॉस्टिक डोळ्यात उडाले तर डोळा जातो. अशा टाक्यांच्या आणि बॅरलांच्या संगतीत वर्षे काढल्यावर माझे मत मात्र एका जागी येऊन थांबले आहे. या एकेकट्या धोक्यांशी कामगार जुळवून घेतो. तो हातमोजे घालतो, तोंड बाजूला करून ओततो, जळले तर पाण्याच्या नळाखाली हात धरतो. ज्या धोक्याशी जुळवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही, तो दोन बॅरलांच्या मधे असतो, आणि त्या मधल्या जागेचा कागद कुणी काढलेला नसतो. एकेकाची पत्रिका चोख लिहून ठेवायची आणि जुळवून मात्र कधीच बघायची नाही, असा हा प्रकार आहे.

जस्त चढवण्याच्या जुन्या पद्धतीचेच उदाहरण घ्या. सुटे भाग आधी अ‍ॅसिडात बुडवून गंज काढतात, धुतात, मग जिगला टांगून सायनाइडच्या टाकीत सोडतात, पुन्हा धुतात आणि शेवटी क्रोमेटमध्ये बुडवून त्यांना पिवळी झाक देतात. प्रत्येक धुण्याचे पाणी कुठेतरी जाते, आणि ते तसेच सोडता येत नाही. सायनाइडचे पाणी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घालून मारतात, त्यासाठी पीएच दहाच्या वर ठेवावा लागतो. क्रोमचे पाणी मेटाबायसल्फाइट घालून मारतात, त्यासाठी अ‍ॅसिड ओतून पीएच तीनच्या खाली आणावा लागतो. एकाच छपराखाली, बहुधा एकमेकींना लागून असलेल्या दोन टाक्यांत, एकाच माणसाच्या हातून ही नेमकी उलटी कामे होतात. आता यातली चारच रसायने मोजा: अ‍ॅसिड, सायनाइड, हायपो आणि मेटाबायसल्फाइट. अ‍ॅसिड सायनाइडला भेटले की हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. अ‍ॅसिड हायपोला भेटले की क्लोरीन. अ‍ॅसिड मेटाबायसल्फाइटला भेटले की सल्फर डायऑक्साइड. हायपो आणि मेटाबायसल्फाइट दाट अवस्थेत भेटले तर उकळून अंगावर येतील इतके तापतात. हायपो आणि सायनाइड ही तर उपचाराचीच जोडी, पण पीएच खाली घसरला की तिच्यातून सायनोजेन क्लोराइड सुटतो. उरली सायनाइड आणि मेटाबायसल्फाइटची जोडी. मेटाबायसल्फाइटचे द्रावण स्वतःच आम्लधर्मी असते, म्हणजे पुन्हा हायड्रोजन सायनाइडच. चार रसायने, सहा जोड्या, आणि सहाच्या सहा वाईट. भिंतीवर कागद चार. रसायने दहा झाली की कागद दहा होतात, जोड्या मात्र पंचेचाळीस.

प्रमाणाचा अंदाज नसला की हे बोलणे घाबरवण्यासारखे वाटते, म्हणून थोडा हिशेब करू. बाजारातल्या हायपोत उपलब्ध क्लोरीन साधारण दहा टक्के धरले जाते. म्हणजे ५० किलोच्या एका कॅनमध्ये, पुरेसे अ‍ॅसिड मिळाल्यास, सुमारे ५ किलो क्लोरीन मोकळा होतो. त्याचे आकारमान सतराशे लिटरच्या आसपास भरते. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच शेडमध्ये सहा लाख लिटर हवा असते. तो सगळा वायू त्या हवेत सारखा पसरला असे मानले तरी दर दहा लाख भागांत सुमारे २८०० भाग क्लोरीन होतो. माणसाला ताबडतोब धोकादायक मानलेली पातळी १० आहे. कॅनमधला शंभरावा हिस्सा जरी अ‍ॅसिडात गेला तरी ती ओलांडली जाते, आणि प्रत्यक्षात वायू सारखा पसरत नाही. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो खाली बसतो, आणि नाली साफ करायला वाकलेल्या माणसाचे नाक तिथेच असते. सायनाइडचे गणित याहून वाईट आहे. एक किलो सोडियम सायनाइडातून अर्ध्या किलोहून जास्त हायड्रोजन सायनाइड निघतो आणि तो २६ अंशांच्या आसपास उकळतो. बेळगावची हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली २६ अंश ही काही मोठी गोष्ट नाही. १९८९ साली धोकादायक रसायनांच्या निर्मिती, साठवण आणि आयातीचे नियम आले. त्यांतल्या कडक तरतुदी ठरावीक साठ्याच्या मर्यादेपासून लागू होतात. या शेडच्या साठ्यात क्लोरीन शून्य किलो आहे. तो कुणी विकत घेतलेला नाही, म्हणून कुठल्याच रजिस्टरात त्याची नोंद नाही.

यावर धंद्यातली माणसे म्हणतात, सायनाइडचा जमाना गेला, आता बिनसायनाइडची टाकी आली. बऱ्याच ठिकाणी आली आहे आणि ते चांगलेच झाले. पण आम्लधर्मी जस्ताच्या कित्येक टाक्यांत अमोनियम क्लोराइड असते. जुन्या सवयीने हायपोचा कॅन त्याच कोपऱ्यात राहिला, आणि या टाकीचे धुण्याचे पाणी त्याला मिळाले, तर क्लोरामाइन तयार होतात. त्यांनीही छाती भरून येते. म्हणजे एक वाईट रसायन काढून दुसरे सौम्य आणले तेव्हा एकेकट्या धोक्यांची बेरीज कमी झाली, जोड्यांचा तक्ता मात्र पुन्हा मांडायला हवा होता. तो मांडला जात नाही, कारण ‘आता सेफ आहे’ हे वाक्य एका बॅरलाकडे बोट दाखवून म्हटलेले असते.

फाउंड्रीत हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने दिसतो. बेळगावची फाउंड्री म्हटले की लोकांना भट्टी आणि वितळलेले लोखंड आठवते. पण नो-बेक पद्धतीने साचे करणाऱ्या फाउंड्रीत भट्टीपासून दूर, वाळूच्या मिक्सरशेजारी, दोन साधे दिसणारे द्रव ठेवलेले असतात: फ्युरान रेझिन आणि त्याचा हार्डनर. हार्डनर म्हणजे तीव्र सल्फोनिक आम्ल. मिक्सर वाळूत आधी हार्डनर सोडतो, तो वाळूला लागल्यावर मग रेझिन. वाळूच्या प्रत्येक कणावर पातळ थर बसतो, क्रियेतली उष्णता ती वाळू पिऊन टाकते आणि साचा गुमान कडक होतो. तेच दोन द्रव वाळू न घालता एका बादलीत आले तर उष्णतेला जायला जागा राहत नाही. मिश्रण क्षणात उकळते आणि भांडे फुटते. म्हणजे जी क्रिया दिवसातून शेकडो वेळा पैसे मिळवून देते तीच, मधली वाळू काढली की, माणूस भाजून काढते. हे फाउंड्रीतल्या प्रत्येक जुन्या कामगाराला माहीत असते. तरीही पंप बंद पडल्यावर पाइप बदलताना, हार्डनरची बादली न धुता तीतच रेझिन घेताना, किंवा दोन्ही बॅरलांखाली सांडलेले एकाच भुश्याने पुसून तो भुसा एकाच डब्यात टाकताना, या दोघांची गाठ पडते. भुश्याचे आणखी एक. तेल सांडले की भुसा टाकायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे. नायट्रिक अ‍ॅसिड सांडले तरी हात भुश्याकडेच जातो, आणि नायट्रिकमध्ये भिजलेला भुसा तांबडा धूर सोडत पेटू शकतो. सफाई हीच तिथे मिसळण्याची क्रिया ठरते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: वीस वर्षे असेच चालले आहे, काही झालेले नाही. हा आक्षेप मूर्खपणाचा नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. वीस वर्षे काही झाले नाही याची कारणे बहुधा तीन असतात. शेड दोन्ही बाजूंनी उघडी असते आणि वारा काम करून जातो. धुण्याच्या पाण्यात रसायन इतके विरळ असते की निघणारा वायू नाकाला झोंबण्यापलीकडे जात नाही. आणि टाक्यांवर वर्षानुवर्षे एकच माणूस असतो, ज्याला कुठली झडप कधी फिरवायची हे डोळे मिटून कळते. तिन्ही कारणे खरी आहेत. पण त्यांतले एकही शेडच्या रचनेत पक्के बांधलेले नाही. पावसाळ्यात झड आत येते म्हणून ताडपत्री लावतात आणि वारा बंद होतो. टाकी रिकामी करायच्या दिवशी विरळ पाण्याऐवजी तळाचा दाट गाळ नालीत जातो. चंदगड किंवा खानापूर भागातून एसटीने येणारा तो जुना माणूस गावच्या यात्रेला गेला की त्याच्या जागी दुसऱ्या खात्यातला मुलगा उभा राहतो. हे तिन्ही योग एकाच दिवशी जुळून येणे दुर्मीळ आहे, अशक्य नाही. वीस वर्षांचा निर्धोक इतिहास त्या वाऱ्याचा, त्या विरळ पाण्याचा आणि त्या माणसाचा असतो. मिसळणे निर्धोक असल्याचा तो पुरावा होत नाही.

दुसरा आक्षेप शिकलेल्या माणसांचा असतो: प्रशिक्षण द्या, अज्ञान घालवा. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २००२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १९८० पासून २००१ पर्यंतच्या १६७ गंभीर अपघातांचा तिच्यात अभ्यास होता. या अपघातांत १०८ माणसे गेली होती, आणि एक तृतीयांशाहून अधिक अपघात न जमणारी रसायने एकत्र आल्याने झाले होते. मला तिच्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. सुमारे ९० टक्के अपघातांतली क्रिया आधीच छापील साहित्यात नोंदलेली होती, म्हणजे विज्ञानाला अनोळखी असे जवळजवळ काहीच घडले नव्हते. ब्रेदरिकचे जाडजूड हँडबुक १९७५ पासून अशा जोड्यांच्याच नोंदींसाठी प्रसिद्ध आहे. कमी पडते ते ज्ञान पुस्तकातून नळाच्या तोंडापर्यंत पोचवणारी रचना. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅचिसन गावी एका कारखान्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा टँकर आला. टँकरच्या माणसाने नळी जोडली ती शेजारच्या हायपोच्या टाकीला. दोन्ही टाक्यांत भरायची तोंडे जवळजवळ होती आणि दिसायला सारखी. गावावर क्लोरीनचा ढग गेला आणि १४० हून अधिक लोकांना दवाखाना गाठावा लागला. त्या माणसाला अ‍ॅसिड आणि हायपो जमत नाहीत हे ठाऊक असते तरी काय फरक पडला असता? आपण अ‍ॅसिडच्याच टाकीला नळी लावतो आहोत, अशीच त्याची समजूत होती. दोन तोंडांचे आटे वेगळे असते तर त्याची चूक जागच्या जागी अडली असती. प्रशिक्षण जरूर द्यावे, पण चुकीच्या नळीवर बसणारे तोंड ठेवून दिलेले प्रशिक्षण म्हणजे मालकाने स्वतःची जबाबदारी कामगाराच्या स्मरणशक्तीवर टाकणे होय.

भोपाळची आठवण इथे काढली की लोक म्हणतात, ते फार मोठे प्रकरण, आमच्या शेडशी त्याचा काय संबंध. संबंध पाण्याचा आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतल्या सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरले. ते कसे शिरले यावर आजही वाद घातला जातो, पण शिरले याबद्दल नाही. ज्याच्यावर कवटीचे चित्र कुणी काढणार नाही असा तो पदार्थ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो आभाळातून फुकट येतो, आणि सह्याद्रीच्या इतक्या जवळ असल्याने भरपूर येतो. ब्लिचिंग पावडरच्या फुटक्या पिशवीत, कार्बाइडच्या डब्यात, फेरोसिलिकॉनच्या ढिगात तो झिरपतो. कार्बाइडमधून अ‍ॅसिटिलीन निघतो. ओल्या फेरोसिलिकॉनमधून हायड्रोजन आणि फॉस्फीनसारखे विषारी वायू निघू शकतात. गळक्या पत्र्याखालचा कोपरा गोडाऊनसाठी सोडून द्यायचा आणि चांगली जागा मशीनला द्यायची, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

‘वास आला की कळतेच’ हा आणखी एक विश्वास. क्लोरीनच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, तो नाकाला झोंबतो आणि माणूस पळतो. पण हायड्रोजन सायनाइडचा कडू बदामासारखा वास कित्येकांना जन्मतःच येत नाही. हायड्रोजन सल्फाइड कमी प्रमाणात सडक्या अंड्यासारखा येतो, आणि प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस पुढे पाऊल टाकतो. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरने नाल्यात रसायन सोडले. त्यातून उठलेल्या विषारी वायूने जवळच काम करणारी सहा माणसे मेली. ३० एप्रिल २०२३ रोजी लुधियानाच्या गियासपुऱ्यात अकरा जण गेले. संशय गटारातून आलेल्या हायड्रोजन सल्फाइडवर आणि गटारात सोडलेल्या औद्योगिक पाण्यावर होता. लुधियाना म्हणजे सायकलचे सुटे भाग, प्लेटिंग, लहान लहान शेड. उद्यमबागेला ओळखीची वाटावी अशीच ती वस्ती. गटार हे सगळ्यात निष्काळजी मिक्सर असते. कुणी काय टाकले हे दुसऱ्याला माहीत नसते, आणि ते जमिनीखालून दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात उघडते.

सीमेवरच्या आपल्या भागात याला एक जादा गाठ आहे. कोगनोळीच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे कागलची पंचतारांकित वसाहत महाराष्ट्राची. पुणे–बंगळूर महामार्गावर टँकरला एका राज्यातून दुसऱ्यात जायला काही मिनिटे लागतात, पण कारखान्यांवर देखरेख करणारी खाती दोन. कायदे मुळात केंद्राचेच, एकाच छापाचे. पण अलीकडच्या निरीक्षकाचा पलीकडच्या गोडाऊनशी संबंध येत नाही, आणि रसायनांचा व्यापारी मात्र दोन्हीकडे माल टाकतो. त्याहून मला काळजी वाटते ती रिकाम्या बॅरलांची. निळी प्लॅस्टिकची बॅरले वसाहतीतून भंगारवाल्याकडे, तिथून निपाणीच्या किंवा संकेश्वरच्या बाजारात आणि तिथून शेतावर किंवा लग्नाच्या मांडवात जातात. मूळ लेबल खरवडलेले असते. उरलेसुरले रसायन तळाच्या खोबणीत असते. त्यात पुढचा मालक काय ओतणार हे कुणालाच माहीत नसते.

शेतीच्या बाजूने बघितले तर मात्र आपल्या माणसाला मिसळण्याचा क्रम पाळता येत नाही हा समज टिकत नाही. बोर्डो मिश्रण करताना द्राक्षवाला आणि पानमळेवाला मोरचूद वेगळ्या भांड्यात विरघळवतो, चुना वेगळ्या भांड्यात, धातूचे भांडे वापरत नाही आणि शेवटी लोखंडी पाते बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, वेल करपेल. हे त्याला कुठल्या सेफ्टी ऑफिसरने शिकवलेले नाही. वेल करपलेली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, म्हणून शिस्त आली. निपाणी, चिकोडी, कागलच्या गुऱ्हाळांवर मात्र तशी शिस्त हायड्रॉसच्या बाबतीत दिसत नाही. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रॉस टाकतात. ते सोडियम हायड्रोसल्फाइट. ओल लागली की ते स्वतःच तापते, आणि अ‍ॅसिड लागले की सल्फर डायऑक्साइड सोडते. गुऱ्हाळावर वाफ असते, ओल असते, मळी कापायला काही जण फॉस्फरिक अ‍ॅसिडही ठेवतात, आणि हायड्रॉसची पिशवी बहुधा तोंड उघडी. न्यू जर्सीतल्या लोडाय गावी २१ एप्रिल १९९५ रोजी हेच सोडियम हायड्रोसल्फाइट अ‍ॅल्युमिनियम पावडरीत मिसळत असताना यंत्रात पाणी शिरले, स्फोट झाला आणि पाच कामगार गेले. आपल्या गुळव्याकडे अ‍ॅल्युमिनियम पावडर नसते, हे खरे. पण चुलवाणाच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या, अर्ध्या ओल्या पिशवीला पेटायला अ‍ॅल्युमिनियम लागत नाही.

घराची गोष्ट थोडक्यात. फरशीच्या दुकानात मिळणारे बाथरूमचे अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर यांची जोडी प्लेटिंग शेडमधल्या अ‍ॅसिड आणि हायपोच्या जोडीचीच बहीण आहे, फक्त खोली लहान आणि दार बंद. मूठभर पावडरीतून पाच लिटरच्या घरात क्लोरीन निघू शकतो, आणि लहान बाथरूममध्ये हवा असते पाच हजार लिटर. अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले ते अ‍ॅसिडहल्ल्यांमुळे, आणि ते योग्यच होते. पण त्या निर्बंधांनी बघितले ते पुन्हा एका बाटलीकडे. त्याच फळीवर शेजारी काय ठेवायचे नाही, हे दुकानदाराला कुणी सांगितलेले मी ऐकले नाही. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ मध्ये स्फोट झाले तेव्हा कारखान्यापासून घरे किती लांब असावीत यावर जोरात चर्चा झाली. कारखान्याच्या आत एका साठ्यापासून दुसरा किती लांब असावा हा विषय तितक्या तावातावाने कुणी घेतला नाही. तो घेतला असता तर लहान शेडवाल्यांनाही त्यात आपले घर दिसले असते.

शेवटी पैशाचा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक असतो. आठ-दहा माणसांच्या शेडला स्वतंत्र गोडाऊन, सेन्सर, रसायनतज्ज्ञ परवडत नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने विजेवर चालणाऱ्या कामाची मोजणी दहा कामगारांपासून सुरू केली. त्याखालचा माणूस जवळजवळ कायद्याबाहेर राहिला, हेही खरे. पण मी मागतो आहे त्यातले फार थोडे महाग आहे. अ‍ॅसिड आणि हायपो यांच्यामध्ये कमरेइतकी विटांची भिंत. दोघांच्या खाली वेगवेगळे खड्डे, एक नाली नको. भरायच्या तोंडांना वेगळे आटे, म्हणजे एकाची नळी दुसऱ्याला बसणारच नाही. प्रत्येक रसायनाचा स्वतःचा मग आणि स्वतःची बादली, वेगळ्या रंगाची. सायनाइड असेल तर अ‍ॅसिडच्या खोलीत नाही, एवढे तरी. लहान शेडमध्ये दहा-बारांच्या वर रसायने नसतात. बारा धरली तरी जोड्या ६६. चौकोनी कागदावर आडवी-उभी नावे लिहून प्रत्येक चौकोनात जमते किंवा जमत नाही एवढे भरायचे. ते एका दुपारचे काम आहे आणि त्यासाठीची माहिती छापील स्वरूपात पन्नास वर्षे पडून आहे. तो कागद कामगाराने वाचावा म्हणून भिंतीवर लावायचा नाही, मालकाने कुठे काय ठेवायचे हे ठरवण्यासाठी तो हातात घ्यायचा.

आणि मालकाला तो भरता येत नसेल तर व्यापाऱ्याकडून भरून घ्यावा, कारण सगळी रसायने तोच देतो. सध्या तो एकाच टेम्पोत अ‍ॅसिडचे कॅन आणि हायपोचे कॅन एकमेकांना खेटून लादतो. वसाहतीतल्या खड्ड्यांतून ते हिंदकळत येतात, आणि शेडमध्ये ज्या क्रमाने उतरवले त्याच क्रमाने भिंतीशी लागतात. दोन माल दोन वेगळ्या दिवशी आणायला त्याला एक जादा फेरी पडेल, तिचे भाडे त्याने लावावे. दोन्ही एकाच टेम्पोतून आले तर माल उतरवून घ्यायचा नाही, एवढे उद्यमबागेतल्या चार-सहा शेडवाल्यांनी मिळून सांगितले तरी त्याला ते ऐकावे लागेल, कारण गिऱ्हाईक तेच आहेत.